दुकान बोलतंय

काका: तिथेच थांबा, बाई. पाय उचला. तो नाही, दुसरा. खाली नळी आहे.

पाहणीवाली: ही पिवळी?

काका: पिवळी, लाल, निळी, तिन्ही. त्या फ्रीजरच्या पोटातून निघतात आणि या म्हातारीच्या तोंडात जातात. तिला धक्का लावू नका, आधीच तब्येत नाजूक आहे तिची.

पाहणीवाली: म्हातारी? मला तर कोणी दिसत नाही.

मुलगी: ते यंत्र हो. मधूनमधून खोकतं म्हणून काका त्याला म्हातारी म्हणतात. तुम्ही इकडून या, ताई, कपाटाच्या कडेने. बसा. काय बिघडलंय, फ्रीज की एसी?

पाहणीवाली: काही बिघडलं नाही. मी पाहणीसाठी आलेय. हे ओळखपत्र. 'बदलतं हवामान आणि लोकांची मतं', तिसरी फेरी. पहिल्या दोन फोनवर झाल्या, तुमच्याच दुकानाच्या फोनवर. एक फेरी आजाराची साथ यायच्या आधी आणि दुसरी साथीत, सगळं बंद होतं तेव्हा. तीच माणसं, तेच बारा प्रश्न.

काका: हवामान? बाहेर जाऊन वर बघा. फुकट आहे.

मुलगी: काका.

काका: मी काय वाईट बोललो?

पाहणीवाली: बोलू द्या हो, या फेरीत मला सवय झालीय. उत्तरदाता क्रमांक दोनशे चौदा. पुरुष, वय एकसष्ट, व्यवसाय फ्रीजदुरुस्ती. आहेत का?

मुलगी: ते माझे बाबा. ते गेले, ताई. सात महिने झाले.

पाहणीवाली: गेले? म्हणजे... त्या आजाराने?

मुलगी: नाही. साथीतून तर ते खडखडीत बाहेर आले. दोन वर्षांनी, एका दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

पाहणीवाली: मला माफ करा. मी वाटेत ठरवत आले होते की आज तरी यांचा चेहरा बघायचा. सव्वा तास बोललेय हो मी त्यांच्याशी.

मुलगी: किती?

पाहणीवाली: सव्वा तास. दहा मिनिटांची प्रश्नावली. माझा चहा तीनदा गार झाला.

मुलगी: नक्की बाबाच होते? माझ्याशी ते तीन मिनिटं बोलायचे. 'जेवलीस का, बरी आहेस ना, ठेवतो.' मी घड्याळ लावलं होतं एकदा. दोन मिनिटं चाळीस सेकंद.

पाहणीवाली: दोनशे चौदाच. कागद माझ्याजवळ आहे. शेऱ्याला दोन ओळींची जागा असते, मी मागची बाजू भरली आणि वर वहीचं पान टाचलं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून फोन करायचे तेव्हा. कामाचं काम आणि तेवढीच माणसांची सोबत.

मुलगी: मला दाखवाल?

पाहणीवाली: तिथेच घोडं पेंड खातंय. उत्तरं फक्त उत्तरदात्यालाच वाचून दाखवता येतात. घरच्यांनाही नाही. सही केलीय मी तशी.

मुलगी: बरं.

पाहणीवाली: रागावलात?

मुलगी: नाही. नियम आहे, तुम्ही पाळताय. मग आज कशासाठी आलात? फोनही चालला असता.

पाहणीवाली: कारण हा कागद बाद होणार आहे. वरच्या साहेबांनी लाल खूण केलीय. यातली उत्तरं एकमेकांशी भांडतात. एक म्हणतं पूर्व, दुसरं पश्चिम. आज पाचच्या आत खुलासा द्यायचा, नाहीतर बाद. बाद म्हणजे यंत्रात घालून चिंध्या.

मुलगी: शेऱ्यासकट?

पाहणीवाली: टाचलेल्या पानासकट. आणि आता खुलासा देणार कोण? मला 'मृत' लिहून जावं लागेल. तेवढे दोन रकाने भरून देता का? माहिती देणाऱ्याचं नाव, आणि एक ते पाचमध्ये: या जागेवर पाहणीला सहकार्य किती मिळालं?

काका: एक लिहा, एक! आणि मोकळ्या व्हा.

पाहणीवाली: परत म्हणा.

काका: काय?

पाहणीवाली: आत्ता म्हणालात ते.

काका: मी काही म्हणालो नाही. म्हातारी खोकली.

पाहणीवाली: 'एक लिहा, एक! आणि मोकळ्या व्हा.' हाच आवाज! हे शब्द माझ्या कागदावर आहेत, प्रश्न अकरासमोर. काका, फोनवर तुम्ही होतात!

काका: पोरी, तो पाना दे बघू. तेरा नंबर.

मुलगी: तेरा नंबर तुमच्या हातात आहे.

पाहणीवाली: बाई गं! मला वाटायचं हा माणूस फोनपासून लांब गेला की चिडतो आणि जवळ आला की शहाण्यासारखा बोलतो. दोन माणसं होती ही!

मुलगी: काका, खरं सांगा.

काका: त्यात खरं-खोटं काय? हात कॉम्प्रेसरमध्ये, तेलात. फोन टेबलावर, मोठा आवाज करून. दोघांपैकी ज्याचं तोंड मोकळं तो बोलणार. मास्तरच्या तोंडात स्क्रू असले की मी, माझ्या तोंडात असले की मास्तर. वीस वर्षं असेच फोन घेतले आम्ही. दवाखान्यातली बाई विचारायची, कोण बोलतंय? आम्ही म्हणायचो, दुकान बोलतंय.

पाहणीवाली: मास्तर म्हणजे?

मुलगी: बाबा. गिऱ्हाइकाला फ्रीज कसा गार होतो ते फळ्यावर काढून दाखवायचे, म्हणून मास्तर. तो बघा फळा.

काका: गिऱ्हाइकाला घाई, आईस्क्रीम वितळतंय, आणि हा खडू शोधतोय.

मुलगी: ताई, म्हणजे काका पण उत्तरदाता झाले ना? अर्धे तरी.

पाहणीवाली: अर्धे... हो. तसं बघितलं तर झाले.

मुलगी: मग त्यांना वाचून दाखवता येईल.

पाहणीवाली: त्यांना येईल.

मुलगी: वाचा. मी इथे मुद्रितं तपासत बसलेय. माझं लक्ष नाही.

काका: हिचं लक्ष कधीच नसतं. पुस्तकांच्या चुका काढायचं काम. दोन गिऱ्हाइकं दारात उभी असली तरी मान कागदात. फक्त आपण काही खासगी बोललो की कान उभे.

पाहणीवाली: काका, तुमची परवानगी आहे?

काका: म्हातारीचा दाबाचा काटा खाली यायला अजून अर्धा तास आहे. मी कुठे पळणार? वाचा.

पाहणीवाली: प्रश्न चार. 'बंदच्या काळात आसपास कोणता बदल जाणवला?' बाकीच्यांनी पक्षी सांगितले. माझ्या यादीत एकशे साठ घरं, त्यात एकशे दहा घरांत पक्षी. एक आजी म्हणाल्या, फार ओरडतात मेले, दुपारची झोप गेली. तुमचा शेरा असा: 'एसीच्या बाहेरच्या जाळीवर महिन्याभरात बोटभर काजळी बसते. दवाखान्याची जाळी तीन महिन्यांनी उघडली. ब्रश फिरवला, ब्रश पांढराच. मी जोडीदाराला म्हटलं, अरे, ही आपण रोज नाकाने ओढत होतो.'

काका: तो ब्रश ठेवलाय त्याने. खिळ्याला लटकलेला, तो. हात लावू द्यायचा नाही कोणाला.

मुलगी: मी गेल्या महिन्यात त्या ब्रशने पंखा पुसला.

काका: काय?

मुलगी: मला कोणी सांगितलं होतं का?

काका: मास्तर, बघतोयस ना? वाचा, बाई, वाचा.

पाहणीवाली: प्रश्न नऊ. 'माणसाच्या कामांमुळे हवा तापतेय, हे किती पटतं?' उत्तर पाच, म्हणजे पूर्ण. शेरा: 'जे दिसत नाही ते मी मानत नव्हतो. मग विचार केला, चाळीस वर्षं मी न दिसणाऱ्या गॅसवरच पोट भरतोय. गळती शोधायला नळीला साबणाचा फेस लावतो. फुगा आला, की तिथे आहे. ताई, आता अख्खं जग आमच्या धंद्यात आलंय. सगळ्यांच्या हाताला साबण, आणि भीती कशाची, तर न दिसणाऱ्याची.'

मुलगी: हे बाबाच.

काका: तुझं लक्ष नाही ना?

मुलगी: नाहीये.

पाहणीवाली: प्रश्न दहा. 'एकट्या माणसाच्या वागण्याने फरक पडतो का?' पहिल्या फेरीत उत्तर एक. 'एकट्याने काय होतंय, ताई.' हे मला आठवतं, कारण त्या फेरीत सगळे हेच म्हणत होते. दुसऱ्या फेरीत चार. शेरा: 'एका आठवड्यात अख्खा रस्ता गप्प झाला. तो कोणी येऊन गप्प नाही केला. जो तो आपापल्या घरात एकटाच बसला होता. एकट्या-एकट्यानेच झाला ना तो गप्प?'

काका: पोलीस होते की कोपऱ्यावर.

मुलगी: काका!

काका: होते म्हणून सांगतो. मी तेव्हाही सांगितलं होतं. लिहिलंय का बघा.

पाहणीवाली: आहे. 'लांबून: पोलीस होते.' मला वाटलं त्यांना मधेच आठवलं. आणि आता भांडण. प्रश्न अकरा. 'यासाठी स्वतःच्या कामाची पद्धत बदलायला किती तयार आहात?' उत्तर एक. एक लिहा, एक, आणि मोकळ्या व्हा. लगेच प्रश्न बारा. 'गेल्या तीन महिन्यांत कामात काही बदल केला का?' उत्तर: 'हो, मोठा.' 'पुढे चालू ठेवाल का?' उत्तर: 'मेलो तरी नाही.'

मुलगी: साहेबांनी लाल खूण केली ती उगाच नाही.

पाहणीवाली: 'हो, मोठा' मास्तरांचं. आणि 'मेलो तरी नाही'...

काका: माझं. तेव्हा स्क्रू त्याच्या तोंडात होते.

मुलगी: कोणता बदल, काका? म्हातारी?

काका: दुसरं काय! बाई, समजून घ्या. जुना फ्रीज खोलायचा म्हणजे आतला गॅस आधी काढावा लागतो. आम्ही काय करायचो? नळी कापायची, शिट्टी वाजायची, पाच मिनिटांत सगळा हवेत. लांब, गोड शिट्टी. शेजारची पोरं कानावर हात ठेवून हसायची. सगळे असंच करतात. मग साथ आली. दवाखान्यांचे फ्रीज चालू राहायला हवेत म्हणून आम्हाला पास. घरी जाऊन घरच्यांना आजार कशाला द्या, म्हणून दोघं इथेच झोपायचो, या दोन लाकडी फळ्यांवर. काम झालं की हा वाचत बसायचा. एक दिवस उठून म्हणतो, आपण सोडतो तो गॅस हवा तापवतो, धुराच्या हजारपटीने. एक किलो सोडला तर टनभर धुराएवढा. मी म्हटलं, बरं मग? म्हणतो, मग सोडायचा नाही. जुन्या फ्रीजचा कॉम्प्रेसर घेतला, चार नळ्या डकवल्या, आणि ही उभी केली. गॅस ओढून सिलेंडरमध्ये भरते. किती वेळ? चाळीस मिनिटं! पाच मिनिटांच्या कामाला चाळीस मिनिटं!

पाहणीवाली: आणि खोकते.

काका: खोकते, आणि ते दिवस कसले! गिऱ्हाईक दारात यायचं, म्हातारी खोकायची, गिऱ्हाईक रस्त्याच्या पलीकडे. तिथून ओरडायचं, आत कोण आजारी आहे? मास्तर म्हणायचा, कोणी नाही, यंत्र आहे. ते म्हणायचं, सगळे असंच सांगतात.

मुलगी: हे मला कोणी सांगितलं नाही कधी.

काका: तू होतीस कुठे?

मुलगी: दुसऱ्या शहरात. खिडकीजवळ. फोनची वाट बघत.

काका: तसं नव्हतं म्हणायचं मला, पोरी.

मुलगी: माहितीये. ताई, पुढे आहे काही?

पाहणीवाली: प्रश्न सात राहिला. मी मुद्दाम मागे ठेवला. काका, हे झालं तेव्हा तुम्ही तिथे नव्हतात. शेऱ्यात आहे: 'जोडीदार दवाखान्यात फ्रीज बघायला गेलाय, आता निवांत बोलू.' मला वाटलं, जोडीदार म्हणजे हाताखालचा कोणी असेल.

काका: हाताखालचा! मी?

पाहणीवाली: वाचू?

काका: वाचा. मास्तरच्या हाताखाली होतोच म्हणा मी. बोललो नाही कधी त्याच्यासमोर.

पाहणीवाली: 'कोणासाठी तुम्ही सवयी बदलायला तयार व्हाल?' शेरा: 'मुलीसाठी. ती लांब आहे. तीन महिने बघितली नाही. तिच्याशी फोनवर फार बोलत नाही मी. आवाज ऐकला की रडू फुटेल असं वाटतं, मग ठेवून देतो. तिला वाटत असेल बापाला घाई आहे. घाई कसली, ताई, दिवसभर बसून आहे. पण तिच्यासाठी घरात बसायला सांगितलं, बसलो. तोंड बांधायला सांगितलं, बांधलं. तिला उद्या जी हवा लागणार त्या हवेसाठी चाळीस मिनिटं उभं राहायला सांगितलं, तर राहीन की. आपल्या माणसासाठी एवढं करता येतं, हे मला या वर्षात कळलं. आधी कोणी विचारलंच नव्हतं.'

(यंत्र खोकतं.)

काका: घे, फडकं घे. तेलाचं नाही, ते दुसरं. धुतलेलं आहे.

मुलगी: मी ठीक आहे, काका.

काका: तू ठीक आहेस, मी नाहीये. इकडे दे ते.

मुलगी: घाई नव्हती तर.

पाहणीवाली: मला त्या दिवशी वाटलं होतं, हा माणूस हे मला का सांगतोय. मग वाटलं, मी कोणी नाही म्हणूनच सांगतोय. अजून एक ओळ आहे. 'दोन वर्षांनीही तुमचं मत टिकेल का?' उत्तर: 'चार. पाच म्हणत नाही, कारण दुकानात आम्ही दोघं, आणि दुसरा अजून वाकडाच आहे. तो सरळ झाला की तुम्ही परत फोन करा. पाच लिहू.'

काका: असं म्हणाला?

पाहणीवाली: शब्द न् शब्द.

काका: वाकडा म्हणाला मला. परक्या बाईला. च्यायला, मास्तर!

मुलगी: हसताय काय?

काका: हसू नको तर काय करू? सात महिन्यांनी शिवी घातलीय त्याने.

मुलगी: ताई, हा कागद बाद व्हायला नको. खुलाशात लिहा की उत्तरं दोघांनी दिली.

पाहणीवाली: तेच डोक्यात घोळतंय माझ्या. एका कागदावर एकच माणूस हा नियम. दोन माणसं आहेत असं लिहिलं तर लाल खुणेची गरजच नाही, सरळ बाद.

मुलगी: एकदा कागद बघू द्या. आतलं वाचत नाही, फक्त वरचा भाग. झाकून धरा हवं तर.

काका: बघू द्या तिला, बाई. छापलेल्या कागदात भोक असलं तर हिला सापडतं.

मुलगी: हा चौकोन कशाचा? 'व्यक्ती', आणि त्याखाली दुसरा.

पाहणीवाली: 'दुकान, कारखाना किंवा संस्था.' तो शाळा, बेकऱ्या, गोदामं यांच्यासाठी. तिथे मालक असो की कामगार, दोघं-तिघं मिळून उत्तर देतात. मी फोन करायचे तेव्हा एकच आवाज... म्हणजे मला एकच वाटला, म्हणून 'व्यक्ती'वर खूण केली.

मुलगी: फोन कोणाचा होता?

पाहणीवाली: दुकानाचा.

मुलगी: उचलताना काय म्हणाले? आठवतंय?

पाहणीवाली: थांबा. सुरुवातीला लिहिलंय मी. 'कोण बोलतंय' विचारल्यावर... अहो! 'दुकान बोलतंय.'

काका: मग! वीस वर्षं तेच म्हणतोय.

पाहणीवाली: म्हणजे चूक माझी. चौकोन चुकला. खूण दुरुस्त करता येते, शेजारी सही केली की झालं. दुकानात दोन मतं असली तर कोणतं कोणाचं एवढं लिहायचं. उत्तरांचं भांडण मिटलं!

मुलगी: आणि 'मृत'?

पाहणीवाली: दुकान कुठे मेलंय? खोकतंय की ते.

काका: ही बाई मास्तरशी सव्वा तास बोलली खरी. गुण लागलाय.

पाहणीवाली: पण मग तिसरी फेरी घ्यावी लागेल. दुकान चालू आहे, तर उत्तरं हवीत.

काका: बारा प्रश्न?

पाहणीवाली: बारा. आणि या फेरीत एक गंमत सांगू? गंमत नाही खरं तर. साथीत लोक भडाभडा बोलायचे. हवा, झाडं, पोराबाळांचं पुढे कसं होणार. आकडे नुसते वर चाललेले. साहेबांनी पेढ्याऐवजी पत्र पाठवलं होतं, शाबासकीचं. आता दार उघडतात आणि म्हणतात, ते दिवस काढू नका, बाई. विसरायचंय त्यांना. एक शिंपी आहे, तेव्हा म्हणाला होता, मी आता सायकलच चालवणार. परवा गेले तर दारात नवी गाडी. मला बघून कव्हर घालायला लागला गाडीवर.

मुलगी: सगळेच विसरले?

पाहणीवाली: नाही ना, तेच तर. चौघांतला एक टिकलाय. आणि तो कोण असेल ते आधी सांगता येत नाही. ज्या आजींना पक्ष्यांचा त्रास, त्यांनी गच्चीत पाणी ठेवलंय. विचारलं तर म्हणाल्या, मेल्यांची सवय झाली. एक जण साथीत म्हणाला होता, सरकारने एका दिवसात सगळं बंद करून दाखवलं, मग यांना जमत नाही म्हणतात ते खोटं. तो अजून तेच म्हणतो, फक्त आता बैठकीला जाऊन म्हणतो. आणि एक जण म्हणतो, पुरे झाले नियम, पुन्हा कोणी मला हे कर ते करू नको सांगायचं नाही. त्याचाही राग खराच आहे. माझं काम लिहायचं.

काका: मी त्याच्या बाजूने.

पाहणीवाली: मग सुरू करू? अकरापासूनच करते. काका, दुकानातर्फे: 'कामाची पद्धत बदलायला किती तयार आहात?'

काका: एक लिहा. एक आणि...

मुलगी: काका, म्हातारी कोणी चालू केली आज?

काका: कोणी म्हणजे?

मुलगी: मी सकाळी आले तेव्हा मागच्या फ्रीजला लावलेली होती. आता याला. काल दोनदा. बाबा गेल्यापासून रोज. मी मोजत नाही, पण आवाज येतो.

काका: ते... ते त्याचं आहे. तो ठेवून गेला. गंज चढेल नाही चालवली तर.

मुलगी: गंज चढू नये म्हणून चाळीस चाळीस मिनिटं उभे राहता?

काका: बसतो मधेच.

मुलगी: काका.

काका: काय काका काका! बरं, ऐक. तो गेला, त्यानंतर पाच-सहा दिवसांनी दुकान उघडलं. एकटाच होतो. तू तेव्हा त्याच्या कागदपत्रांच्या धावपळीत होतीस. एक जुना फ्रीज आला. म्हटलं, चला, आता कोण अडवणार. नळी कापली. शिट्टी सुरू झाली, तीच, लांब. आणि मी वाट बघत उभा. आतून ओरडेल, 'कोण सोडतंय रे ते?' रोज ओरडायचा ना. पोरी, कोणी ओरडलंच नाही. शिट्टी वाजत राहिली. मग मीच बोट ठेवलं नळीवर. बोट गारठलं, फोड आला, पण काढलं नाही. दुसऱ्या हाताने म्हातारी ओढून घेतली.

मुलगी: तो फोड! तुम्ही म्हणालात इस्त्री लागली.

काका: माझ्याकडे इस्त्री आहे का? तुला कळायला हवं होतं. शर्ट बघ माझा.

पाहणीवाली: काका, मी काय लिहू?

काका: थांबा. काटा बघा, खाली आला. पोरी, ये इकडे.

मुलगी: मी?

काका: मग कोण, ही बाई? ये. सात महिने नुसती बघत बसलीयस. आधी सिलेंडरचा व्हॉल्व बंद. उजवीकडे. पूर्ण. आता म्हातारी बंद कर, तिला दम खाऊ दे. झालं. आता ही पिवळी नळी. हळू सोडव. क्रम चुकलास तर शिट्टी वाजेल.

मुलगी: वाजली तर?

काका: तर मी ओरडेन. आता मलाच ओरडायचंय. फिरव. हळू. अजून. निघाली?

मुलगी: निघाली.

काका: ऐकू आलं काही?

मुलगी: काहीच नाही.

काका: बाई, तुम्हाला?

पाहणीवाली: नाही बुवा. मलाही नाही.

काका: मग लिहा पाच.